सब्र आणि खोकला

मालाडच्या मालवणीत एका खोलीतला खोकला पत्र्यापलीकडच्या खोलीत ऐकू येतो. आमच्या शेजारच्या खाला महिनाभर खोकत होत्या. संध्याकाळी अंगात कणकण असे, हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या. विचारले की म्हणत, "अल्लाहची मर्जी. सब्र करायचा." घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. हे कारण त्या बोलल्या नाहीत, पण साऱ्या गल्लीला ते माहीत होते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, थुंकीतून रक्त. क्षयाची ही लक्षणे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत. ठाऊक असूनही आपण ती वाचत नाही आणि त्या न वाचण्याला सब्र हे पाक नाव देतो. वास्तविक 'आयत' या शब्दाचा अर्थच निशाणी. निशाण्या तुमच्या स्वतःमध्येही आहेत, असे कुरआन सांगते. मग शरीराची निशाणी तेवढी का टाळायची?

सब्र म्हटले की आपण हजरत अय्यूब यांचे नाव घेतो. पण कुरआनातले अय्यूब मुके नाहीत. मला पीडा झाली आहे, असे ते आपल्या रबला पुकारून सांगतात. तरीही अल्लाह त्यांना साबिरच म्हणतो. कुणी म्हणेल, रबला सांगणे वेगळे आणि डॉक्टरला सांगणे वेगळे. परंतु इलाज करा, असे पैगंबरांनीच सांगितल्याचे हदीसमध्ये आहे.

दुसऱ्याचा ऐब झाकावा ही शिकवण मला मान्य आहे. पण रोग हा ऐब कधीपासून झाला? शिवाय फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो. एका खोलीत सहा माणसे झोपत असतील तर एकाच्या सब्रची किंमत बाकीचे पाच मोजतात. त्यांना कुणी विचारलेले नसते.

मात्र सगळा दोष खालांच्या माथी मारणे मला जमत नाही. साध्या क्षयावर सहा महिन्यांचे औषध आहे, तेही सरकारी दवाखान्यात मोफत. तरीही क्षयाचे नाव ऐकताच सोयरीक मोडणारे आपणच आहोत. त्यांची भीती खोटी नव्हती.

नातू खोकू लागला तेव्हा खालांनी थुंकी तपासून घेतली. दोघांनीही औषधे पुरी केली. लग्नाची बोलणी मात्र मोडली. पाहुण्यांच्या कानावर ही गोष्ट कुणी घातली ते अजून कळलेले नाही. गल्लीतलाच कुणी असणार.