अर्ध्या दिवसाचे ऋण

कोरेगावच्या माणसाचे पाण्याशी असलेले नाते काटकसरीचे आहे. तीळगंगा पावसाळ्यात चार दिवस ऐट दाखविते आणि पुढे वर्षभर नुसते नाव सांभाळते. वसनेचीही गत फारशी निराळी नाही. तालुक्याचा उत्तर भाग तर पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाशी झुंजत आला; तेथला वाघ्या घेवडा नावाजला, तोदेखील थोड्या पाण्यावर. असा हा माणूस दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन साताऱ्यावरून, कासचे पठार ओलांडून बामणोलीला उतरतो, तेव्हा समोर पसरलेले अफाट पाणी पाहून त्याच्या तोंडून पहिल्यांदा शब्दच फुटत नाही. आणि फुटतो तो बहुधा एकच : "केवढं हे पाणी!"

सहलीचा हा प्रकार जगभर आहे. स्पेनच्या किनाऱ्यावर आठ-दहा माणसांची टोळी शिडाच्या होडीतून अर्धा दिवस समुद्रावर हिंडून येते म्हणतात. आपल्याकडे शीड नाही, इंजिनाची धडधड आहे. समुद्र नाही, शिवसागर आहे. पण बाकी सारे तेच. आठ-दहा जण होडीत बसतात, गळ्यात तरंगण्याची जाकिटे अडकवितात, आजी देवाचे नाव घेते, पोरे पाण्यात हात घालतात, आणि होडी निघते. कोणी वासोट्याच्या पायथ्याकडे जातात, कोणी तापोळ्याकडच्या संगमावर दत्ताचे दर्शन घेतात. दशम्या सुटतात, चटणी फिरते. अर्ध्या दिवसात मन असे हलके होते की, परतताना कोणाला बोलावेसेदेखील वाटत नाही.

अशा निर्भेळ सुखात एखादे पोर प्रश्न टाकते : "ह्या पाण्याच्या खाली काय आहे?"

वडील माणूस बहुधा सांगतो, "काय असणार? माती." उत्तर खोटे नाही, पण पुरतेही नाही. खाली माती आहे आणि त्या मातीत बांध आहेत, जोती आहेत, वाटा आहेत. कोयनेच्या धरणाचे काम १९५०च्या दशकात सुरू झाले आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी अडले. जवळजवळ शंभर टी.एम.सी. पाणी साठविणारा हा जलाशय ज्या खोऱ्यात पसरला, त्या खोऱ्यात माणसे राहत होती. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. भातखाचरे गेली, देवळे गेली. ज्या झाडाखाली चार पिढ्यांचे न्यायनिवाडे झाले ती झाडे गेली. काही माणसे डोंगराच्या अंगाला वर सरकली. बाकीची सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. नदीकाठच्या माणसाला माळरानावर नेऊन सोडणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्याने कधी घर बदलले आहे त्याला थोडेसे कळेल. ज्याचे गावच बदलले त्याचे दुःख मात्र कळावयाचे नाही.

आता प्रश्न उभा राहतो तो असा. ज्या पाण्याखाली दुसऱ्याचे घर आहे, त्या पाण्यावर आपण आनंदाने विहार करावा काय?

ह्यावर एक उत्तर तयारच असते. "साठ वर्षे झाली, आता त्याचे काय? असे पाहू गेले तर जगातली कोणती जमीन कोणाकडून घेतलेली नाही? आपली शेतेसुद्धा कधीकाळी रान तोडूनच झाली ना?" ह्या उत्तरात तथ्य आहे. जो मनुष्य प्रत्येक पावलाखाली कोण गाडले गेले ह्याचा शोध घेत बसेल, त्याला चालताच येणार नाही. यादवांच्या काळी कोणी कोणाचा वाडा लुटला, ह्याचा हिशेब आज कोणी कोणास द्यावयाचा? देणारा नाही, घेणाराही नाही.

पण कोयनेची गोष्ट यादवांच्या काळची नाही. ज्यांनी लहानपणी आपले गाव बुडताना पाहिले अशी माणसे आज म्हातारी असतील, पण आहेत. त्यांची मुले आहेत, नातवंडे आहेत. पर्यायी जमिनीची, नागरी सोयींची त्यांची गाऱ्हाणी कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहिली. त्यांसाठी २०१८ सालीदेखील कोयनानगरला त्यांना ठिय्या मांडावा लागला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेचे पाणी चढले तेव्हा त्यांच्या हाती कायद्याचा आधारही नव्हता. कर्ज जुने झाले म्हणून बुडीत धरता येते, पण ते कधी? सावकारच उरला नाही तर. येथे धनको जिवंत आहे, एवढेच नव्हे तर कित्येकदा आपल्या होडीचे सुकाणू त्याच्याच हातात आहे. बामणोली-तापोळ्याच्या बाजूस गावकऱ्यांनीच होड्या चालवावयास घेतल्या. ज्या पाण्याने वडिलांची शेती नेली, त्याच पाण्यावर मुलगा आपला संसार चालवितो. नियतीचा हा विनोद फार कडू आहे. पण त्या मुलाला त्यात रडत बसावयास सवड नाही.

म्हणूनच दुसरे उत्तरही टिकत नाही. हळव्या मनाचा एखादा मनुष्य म्हणेल, "मग मी जातच नाही तेथे." ह्याने काय साधले? होडीवाल्याचा एक फेरा बुडाला. आणि हा हळवा मनुष्य घरी येऊन काय करतो? बटण दाबून दिवा लावतो. कोयनेची वीज १९६२ साली निर्माण होऊ लागली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिची क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. डोंगर पोखरून पाणी पश्चिमेला पोफळीकडे उतरविले, त्यावर चक्रे फिरली, आणि त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, गिरण्या चालल्या, शेतावरचे पंप चालले. तारांच्या जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. माझ्या आकाशकंदिलात कोयना किती आणि कोळसा किती, हे कोणालाच निवडून सांगता येणार नाही. आणि निवडता येत नाही म्हणूनच कोणाला सुटताही येत नाही. होडीत बसलेला आणि न बसलेला, दोघेही सारखेच ऋणी. होडीने ऋण निर्माण होत नाही, ते फक्त दिसू लागते. घरात दिव्याखाली गाव दिसत नाही. पाण्यावर गेले की, निदान विचारावेसे तरी वाटते.

तेव्हा जावे की न जावे, हा खरा प्रश्नच नव्हे. ऋणाचे काय करावयाचे, हा प्रश्न आहे.

अशा वेळी आपल्या जिभेवर एक शब्द फार सहज येतो : त्याग. "धरणग्रस्तांच्या त्यागातून महाराष्ट्र उभा राहिला" असे आपण व्यासपीठावरून म्हणतो, टाळ्या पडतात, आणि ज्याचे त्याला दिले असे वाटून आपण हार-तुरे आवरतो. पण ह्या शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. देवांना वज्रासाठी अस्थी हव्या होत्या, तेव्हा ते दधीचीकडे गेले आणि त्यांनी मागितल्या. दधीची "नाही" म्हणू शकला असता. तो "हो" म्हणाला, म्हणून तो त्याग. ज्याला "नाही" म्हणण्याची मुभाच नव्हती, त्याच्या जाण्याला त्याग म्हणणे हा भाषेचा गोड अपहार आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२०च्या दशकात सेनापती बापटांच्या मागे उभे राहून "नाही" म्हणून पाहिले. तरी धरण झालेच. कोयनेच्या वेळी देश स्वतंत्र होता, धरण लोकांच्या हिताचे होते, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. धरण बांधावयासच नको होते, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल, असे मला वाटत नाही. तरीही हिताचे काम झाले म्हणून घेतलेली वस्तू दिलेली ठरत नाही.

दिलेल्या वस्तूबद्दल आभार मानावयाचे असतात. घेतलेल्या वस्तूचा हिशेब द्यावयाचा असतो. आपली सारी गफलत येथेच होते. जेथे हिशेब द्यावयाचा तेथे आपण आभार मानून मोकळे होतो. आभाराला खर्च येत नाही.

त्या खोऱ्याचा हिशेब एकदाच चुकता झाला असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरच्या परिसरात भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली, हजारो घरे पडली. जलाशयात साठलेल्या पाण्याचा भूगर्भावर होणारा परिणाम ह्यामागे असावा, हे मत पुढे शास्त्रज्ञांत व्यापकपणे मान्य झाले. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्याच काहींची छपरेही गेली. उजेड मात्र आपल्याकडे नित्याप्रमाणे येत राहिला.

पाण्याला स्मरण असते, माणसाला नसते, असे कधीकधी वाटते. उजनीच्या जलाशयात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास गर्दी करतात. स्पेनमध्येच कॅटलोनिया प्रांतात साऊ नावाचा जलाशय आहे. तोही कोयनेच्याच सुमाराचा. त्याखाली गेलेल्या गावाच्या चर्चचा मनोरा पाण्यातून डोके काढून उभा असे. २०२२-२३च्या दुष्काळात पाणी इतके आटले की, सगळे चर्च उघडे पडले आणि प्रवाशांची रीघ लागली. शिवसागराचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की काठाला जुन्या जोत्यांच्या, बांधांच्या खुणा अशाच उघड्या पडतात. ते सारे पाहावयास जाण्यात वाईट काही नाही. पण देऊळ पाहणे निराळे आणि त्या देवळात दिवा लावणारा आज कोठे आहे हे विचारणे निराळे.

तो आज कोठे आहे? पुष्कळदा आपल्याच शेजारी. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक गावांच्या कडेला एक सरळ रेषांचे, एकसारख्या घरांचे नवे गावठाण असते. मूळ गाव त्याला "धरणग्रस्तांची वस्ती" म्हणते. दोन पिढ्या झाल्या, त्या घरांतली पोरे येथेच जन्मली, येथल्याच शाळेत शिकली, तरी नाव तेच. यात्रेच्या मानात त्यांचे घर नसते. विहिरीच्या पाण्यावरून, रस्त्यावरून, गायरानावरून कुरबूर निघाली की "बाहेरचे" हा शब्द हमखास निघतो. धरणाचा कालवा शिवारात आला म्हणून ऊस उभा राहिला, हे आपण विसरतो; लाभक्षेत्रातली दोन-चार एकर जमीन पुनर्वसनात गेली, हे मात्र विसरत नाही. कोरेगावच्या शिवाराला धोमच्या कालव्याचे पाणी मिळाले. त्या धोमच्या जलाशयाखालीही कोणाची तरी शेते गेलीच आहेत. म्हणजे हा हिशेब बामणोलीला होडीत बसल्यावरच काढावयाचा असे नव्हे. तो वेशीवरच थांबलेला आहे. पाण्यावर डोळे पाणावणे सोपे, आणि परत आल्यावर शेजारच्या वस्तीतल्या माणसाला पंगतीत आपल्या ओळीला बसविणे अवघड. पण कसोटी दुसऱ्या गोष्टीत आहे.

कोणी म्हणेल, "सणासुदीच्या दिवसांत हे कशाला? पोरांना चार घटका आनंद करू द्या." आनंद जरूर करू द्यावा. पण पोरांना खरे सांगितल्याने त्यांचा आनंद मावळतो, ही मोठ्यांची समजूत चुकीची आहे. "खाली एक गाव होते, तेथे तुझ्याएवढी मुले राहत होती," असे सांगितले तर पोर घटकाभर गप्प होईल, पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहील, आणि मग विचारील, "ती मुले आता कोठे आहेत?" हा प्रश्न पोराच्या मनात पेरला जाणे म्हणजे सहल वाया जाणे नव्हे. ज्याला लहानपणी हा प्रश्न पडला, तो मोठेपणी ग्रामसभेत बसेल, कचेरीत खुर्चीवर बसेल, तेव्हा धरणग्रस्ताचा कागद पुढ्यात आला असता तो बाजूला सारताना त्याचा हात अडखळेल. एवढ्या अडखळण्यानेही पुष्कळ होते.

आणि दिवाळीला हा विषय परका आहे असे तरी कोणी म्हणावे? आपल्या सणाचा एक दिवस आपण कोणाच्या नावाने करतो? बळीच्या. तीन पावले जमीन मागितली गेली, आणि पाहता पाहता सारी पृथ्वी जाऊन तो स्वतः पाताळात गेला. त्याच्या गुरूने त्याला सावध केले होते. त्याने जाणूनबुजून दिले. म्हणजे त्याचे देणे खरोखरच दान होते. तरीही लोकांच्या मनाला चुटपुट लागून राहिली. ओवाळताना बायाबापड्या आजही त्याच्या राज्याची आठवण काढतात. ज्याने स्वखुशीने दिले त्याला आपण हजारो वर्षे विसरलो नाही. ज्यांच्याकडून घेतले त्यांना साठ वर्षांत विसरावे, हे आपल्याच रीतीला धरून नाही.

त्याच सणात आपले व्यापारी वहीपूजन करतात. वहीची पूजा म्हणजे केवळ जमेची पूजा नव्हे. नव्या वहीत जुनी येणी जशी ओढून घ्यावयाची, तशीच जुनी देणीही ओढून घ्यावयाची असतात. जो नुसती येणी उतरवितो त्याला बाजारात व्यापारी म्हणत नाहीत. ऋणी असण्यात लाज नाही. देव, ऋषी, पितर ह्यांचे ऋण घेऊनच मनुष्य जन्मतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले. लाज आहे ती देण्याचे पान फाडून टाकण्यात.

म्हणून बामणोलीला जरूर जावे. भाड्याची घासाघीस करू नये. दशमीचे कागद पाण्यात टाकू नयेत. होडीवाल्याला त्याचे मूळ गाव कोणते होते, एवढे विचारावे, आणि तो सांगेल ते नाव घरी येईपर्यंत लक्षात ठेवावे. मग कोरेगावात आल्यावर ज्या वस्तीकडे आजवर वळलो नाही, तेथे फराळाचे एक ताट घेऊन जावे. आणि गेल्यावर त्यांच्या सात-बाराचे, पाण्याच्या पाळीचे काय झाले, हेही विचारावे. ताट नेल्याने ऋण फिटत नाही. पण ज्याचे देणे आहे त्याचे घर आपल्याला ठाऊक झाले, म्हणजे ते फेडण्याची सुरुवात तरी होते.