खत बुडाले, बोजा राहिला



इंद्रायणीत बुडालेल्या कर्जखतांची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. इ.स. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, तुकोबारायांचे दिवाळे निघाले. पुढे घरच्या सावकारीची निम्मी खते त्यांनी धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. ही कथा आपण नेहमी सोडणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. ज्यांची खते बुडाली, ती माणसे दुसऱ्या दिवशी कशी जगली असतील? कर्ज सुटलेल्याने पुढे कसे वागावे, हाच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

प्रश्न दूरचा नाही. तुमच्यापैकी कित्येकांची मुले, भाचे, पुतणे अमेरिकेत आहेत. तिथे नोकरी गेली किंवा दवाखान्याची बिले चढली, की काही जणांना न्यायालयात नादारी मागावी लागते. ‘चॅप्टर सेव्हन’ ही तिची एक वाट. कायद्याने राखून ठेवलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता देणेकऱ्यांसाठी विकता येते, आणि अर्जापासून साधारण चार महिन्यांत ऋणमुक्तीचा हुकूम मिळतो. मग माफ झालेल्या देण्यासाठी कुणी फोन करायचा नाही, पगाराला हात लावायचा नाही. पण गहाण घरावरचा बोजा तसाच राहतो. ज्यांनी सातबाऱ्यावरचा बोजा पाहिला आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको. माणूस सुटतो, घर सुटत नाही. हप्ते थकलेले असले तर बँक ते लिलावात काढते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क या राज्यांत हे काम न्यायालयातून चालते आणि कधी कधी वर्षे लागतात. तोवर तो कुटुंबासह तिथेच राहतो. कागदावर मालक तोच, आणि घर जाणार हेही त्याला ठाऊक.

आपल्या परंपरेत याच्याशी जुळणारा एक विचार आहे. ज्ञान झाले की संचित जळते, पण प्रारब्ध देह पडेपर्यंत भोगावे लागते. मुक्तही देहातच राहतो. तो देहाला जेवू घालतो, न्हाऊ घालतो, फक्त ‘माझा’ म्हणून कवटाळत नाही. जाणाऱ्या घरात राहण्याची रीत याहून वेगळी काय असणार?

म्हणून ‘नाहीतरी जाणारच’ म्हणत घराची नासधूस करू नये. २००८ च्या मंदीनंतर तिकडे ओस पडलेल्या घरांतून तांब्याच्या नळ्यासुद्धा उपटून नेल्या गेल्या, आणि त्याची झळ शेजाऱ्यांना बसली. लिलाव होईपर्यंत दारातला बर्फ काढणे, विमा चालू ठेवणे, अर्जानंतरची सोसायटीची वर्गणी भरणे हे त्याचेच काम. तो चुकला तर भार शेजारच्यावर पडतो.

तुम्ही विचाराल, हप्ता न भरता राहणे ही चोरी नव्हे का? तो लपून राहत नाही. बँकेने घर तारण घेऊनच पैसे दिले, घर ताब्यात घेण्याची वाट तिला मोकळी आहे. हप्त्याचे पैसे उरत असतील तर ते पुढच्या भाड्यासाठी, मुलांच्या पोटासाठी राखावेत. चैन करू लागला तर मात्र माफी वाया गेली.

बँकेने बुडीताचा धोका व्याजात धरलेला असतो. मित्राने दिलेल्या हातउसन्या पैशांत तसे काही नसते, तिथे नुसता विश्वास असतो. कायद्याने तेही माफ होते. पण स्वखुशीने फेडायला तोच कायदा आडकाठी करत नाही. हात चालू लागला की आधी तिथे पोहोचावे. सक्ती संपल्यावर दिलेला रुपयाच खरा आपला. आणि मुलांच्या पोटगीसारखी काही देणी तर कायदाही माफ करत नाही.

आता तुमच्याबद्दल. असा मुलगा फोनवर रडला, तर त्याला ‘घर म्हणजे माया’ असे सांगू नका. आपण वारीत तळ टाकतो, सकाळी राहुटी मोडतो, जागा झाडून पुढे निघतो. पण आपल्याला पुढचा मुक्काम माहीत असतो, आणि तिथे कुणीतरी भाकरी घेऊन उभे असते. त्याला पुढचा मुक्काम माहीत नाही. वैराग्य स्वतःच्या घराबद्दल बोलायचे असते, दुसऱ्याच्या जाणाऱ्या घराबद्दल नव्हे. ‘नाक कापलेस’ हेही म्हणू नका. न्यायालयाने त्याला सोडले आहे. घरच्यांनीच धरून ठेवले, तर तो सुटला असे कसे म्हणायचे?

त्याला विचारा, जेवलास का? सामान हलवायला कुणी आहे का? पहिल्या महिन्याचे भाडे जमले का? जमले नसेल आणि तुमच्याकडे असेल, तर पाठवा. आणि त्याचे खत लिहून ठेवू नका.