सोबतीला कोण?

लाटांचा अंदाज सांगणाऱ्या ॲपची कुळकथा एका टेलिफोन नंबरापाशी जाते. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'सर्फलाइन' नावाची सेवा निघाली. पैसे मोजून फोन लावायचा आणि आज कुठे लाट चांगली फुटतेय ते ऐकायचं. शॉन कॉलिन्स हा तिथला अंदाज बांधणारा माणूस, बराचसा स्वतःच शिकलेला. जुने सर्फर या प्रकारावर भडकले. वर्षानुवर्षं मोजक्यांना ठाऊक असलेल्या जागी आता फोन ऐकून आलेल्यांची गर्दी होऊ लागली, हा त्यांचा राग. तो राग आजही गेलेला नाही.

रत्नागिरीत एखाद्याला सर्फरांसाठी ॲप काढायचं झालं, तर त्याने हे भांडण बाजूलाच ठेवावं. इथे अडचण नेमकी उलटी. मुलकीला २००४ साली आश्रमातल्या साधकांनी सर्फिंगचा क्लब काढला, तिथून कर्नाटकाचा किनारा पुढे गेला. आपल्याकडे रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर फळी घेऊन उतरणारी पोरं अजून थोडकीच. गर्दी नाही म्हणून खूश व्हावं, तर समुद्रात एकट्याने उतरू नये हा या खेळातला पहिला नियम. मग इथल्या ॲपने लाट शोधून द्यायची की माणूस?

लाटेची माहिती तशी कुणालाही मिळते. हैदराबादचं 'इन्कॉइस', म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, मच्छीमारांना रोजचा अंदाज देतं. रत्नागिरीसमोरच्या पाण्यात त्यांनी लाटा मोजणारा बोयाही ठेवला होता. त्या अंदाजातला उंचीचा आकडा सगळे बघतात. बघायला हवा तो त्याच्या शेजारचा, दोन लाटांमधल्या सेकंदांचा. सहा सेकंदांनी येणारी मीटरभर लाट जवळच्याच वाऱ्याने उठवलेली असते. विस्कटलेली, फळीला धड उचलतही नाही. सोळा सेकंदांनी येणारी मीटरभर लाट म्हणजे दक्षिण महासागरातल्या वादळाने सुमारे आठवडाभरापूर्वी रवाना केलेला ऐवज. वाटेत ती कुणाच्या नजरेत भरत नाही, पण उथळ पाण्यात शिरली की अशी उभी राहते की मीटर हा शब्द खोटा वाटावा. उंची सारखीच, पण त्यातली एक नवशिक्यासाठी आहे आणि दुसरी मुळीच नाही. ॲपने ठळक अक्षरांत सांगायचं तर एवढं सांगावं.

भरतीसाठी तर ॲपचीही गरज नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, की मुंबईत सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि रत्नागिरीला त्याच्या थोडी आधी. हा हिशेब कोळीवाड्यांत पिढ्यान् पिढ्या बोटांवर चालतो आणि त्याची बॅटरी उतरत नाही.

हैदराबादला जे दिसत नाही ते मात्र गावालाच सांगावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यापाशी येऊन अडकलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच गंजत राहिलं. अंदाजाच्या नकाशावर तिथे निव्वळ निळा रंग. पाण्याखाली कुठे खडक, वाळूचा बांध या वर्षी कुठे सरकला, आरे-वारेच्या किनाऱ्याला पाणी कुठून आत ओढतं (माहिती नसलेल्या पर्यटकांच्या बुडाल्याच्या बातम्या तिथून येतच असतात) हे मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारावं. त्याला ॲपवर पाच तारे नकोत. त्याचं म्हणणं त्याच्या नावाने आणि त्याच्याच शब्दांत टाकलं, तरी पुष्कळ झालं.

आणखी एक गोष्ट चकचकीत पडदे रेखाटणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. फोन पाण्यात जातच नाही. तो स्कूटरच्या डिकीत पडून असतो. परत आल्यावर बोटं ओली, खारी, वाळूने भरलेली. काचेवर एक थेंब पडला तरी फोनला वाटतं कुणी बोट लावलं, आणि डोक्यावरच्या उन्हात पडदा आरशासारखा दिसतो. तेव्हा ॲप वापरायचं ते पाण्यात शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर. दोनच मोठी बटणं पुरेत, पांढऱ्यावर काळी: 'उतरतोय' आणि 'आलो'. पहिलं दाबलं की आसपासच्या फळीवाल्यांना कळावं, म्हणजे कुणीतरी चहा अर्धा टाकून यायला निघेल. दुसरं दाबलं की घरी कळावं. घरच्यांना लाटेची उंची सांगून काय उपयोग? त्यांना तेवढा एक शब्द हवा असतो.

प्रश्न उरतो तो 'आलो' वेळेत न आल्यास फोन कुणाचा वाजावा हा. सर्वांत जवळ होडी असलेल्या माणसाचा, हे उघड आहे. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. नेमक्या त्याच दिवसांत दर्या सर्वांत मोठा, फळीवाल्या पोरांचा जीव सर्वांत उतावीळ, आणि मदतीला जायला पाण्यात होडी जवळपास नाहीच. मला विचाराल तर त्या दोन महिन्यांत या ॲपने उघडल्या उघडल्या 'आज बंद' एवढंच दाखवावं, आणि एखाद्या दिवसापुरतं ते उघडायचं की नाही हे तांडेलाने ठरवावं. पोरं कुरकुरतील, दुसरं ॲप शोधतील. त्यातली काही मात्र विचारायला मिरकरवाड्यात जातील, आणि मग ओळखी होतील.