पहाटेची पोटदुखी

पहाटे एखादा माणूस पोट धरून उठतो. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. अंगावर जखम नाही, सूज नाही. पापण्या मात्र जड, उघडता उघडत नाहीत. घरातलं पोरगं मोबाइलला विचारतं, पोटदुखीवर घरगुती उपाय काय? ओवा, हिंग, कोमट पाणी, लगेच उत्तर. त्यात खोटं काही नाही. तरी त्या उत्तरापायी माणूस दगावू शकतो, कारण ही मण्यार हा विषारी साप चावल्याची लक्षणं असू शकतात. तिचे दात इतके बारीक की कित्येकदा खूणही दिसत नाही. आणि मण्यारीबद्दल तर कुणी विचारलेलंच नाही.

जुन्नरच्या पूर्वेकडच्या राजुरीसारख्या गावात ही काही मनची गोष्ट नव्हे. ऊस, कांद्याच्या बराखी, गोठा, चारा, त्यात उंदीर आणि उंदरांमागे लांबडं. शेतीची वीज रात्री आली की मोटार चालू करायला काळोखातच जायचं. साप चावला की 'पान लागलं' असं अजूनही दबक्या आवाजात म्हणतात. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी कित्येक वर्षं सर्पदंशाचे रोगी तपासले आणि लोकांना त्याबद्दल सांगत राहिले. असं कुणाकडून एकदा ऐकलेलं असलं, की पहाटेच्या पोटदुखीला ओवा सुचायच्या आधी पापण्या बघाव्याशा वाटतात.

मोबाइलवर दुसरीही माहिती फिरते. अमुक मुळी उगाळून दिली नि विष उतरलं, असं सांगणारा शपथेवर सांगतो. तो खोटं बोलत असेलच असं नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही कधी कधी नुसता चावतो, विष सोडतच नाही. अशा वेळी मुळी उगाळा, कडुलिंबाचा पाला चावायला द्या, मारुतीच्या देवळात निजवा, माणूस उठतोच. उठलेला माणूस व्हिडिओत येतो. जो उठला नाही त्याचा व्हिडिओ कोण काढणार? 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असावीत, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांच्या वतीने बोलायला मोबाइलवर कुणी येत नाही.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? मला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पोरंसोरं दगावत. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन त्यांनी ती वाचवली आणि तो अनुभव 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. इथवर कौतुकाची गोष्ट. पुढची मला जास्त मोलाची वाटते. नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर रोगी लवकर बरा होतो, हे 2011 मध्ये 'बीएमजे'त छापणारेही बावस्करच. ज्या औषधाने नाव झालं ते कुठे अपुरं पडतं का, हे स्वतःच तपासायचं आणि चारचौघांत मांडायचं. मुळीवाल्याचा उपाय मात्र आज्या-पणज्यापासून आहे तसाच, आणि गुण म्हणे शंभर टक्के.

तारीखही बघावी लागते. जखम चिरा, विष चोखा, करकचून दोरी आवळा, हे एकेकाळी पुस्तकांतही असायचं. आता डॉक्टर नेमकं उलट सांगतात. चिरू नका, चोखू नका, आवळू नका. हाड मोडल्यावर फळी बांधतो तसा हात किंवा पाय स्थिर ठेवा, बांगड्या-जोडवी काढा, 108 ला फोन करा. घोणस चावलेल्या पायाला दोरी आवळली तर पाय गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून कोण सांगतंय आणि केव्हाचं सांगतंय, हे मी आधी पाहतो. आरोग्य मंत्रालयाचं किंवा जागतिक आरोग्य संघटनेचं लिखाण रुक्ष असतं, मान्य. पण घरी कुठवर थांबायचं आणि कधी दवाखाना गाठायचा, हे त्यात सांगितलेलं असतं. साध्या सर्दीला ते चार दिवस थांबा म्हणतील. साप चावल्यावर चार मिनिटंही नाही.

एवढं सगळं वाचूनही एक गोष्ट मोबाइलवर मिळत नाही. सापाच्या विषावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून तयार करतात आणि ते दवाखान्यातच, शिरेतून द्यावं लागतं. मण्यारीच्या विषाने श्वास अडायला लागला तर व्हेंटिलेटरही लागतो. रात्री दोन वाजता ही दोन्ही जवळपास कुठे मिळतील? आळेफाट्याला की नारायणगावला? नकाशावर दवाखान्यांची नावं दिसतात, नावांखाली तारे दिसतात, कपाटातल्या बाटल्या दिसत नाहीत. त्याची खबर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना असते. आज त्यांची गाठ पडली तर विचारून घ्यावं आणि तो नंबर मोबाइलमध्ये न ठेवता भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहावा.