टोपी कुणाची, सलाम कुणाला?

माथ्यावर पितळी सुळका असलेलं काळं चामडी हेल्मेट तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल. सिनेमात, व्यंगचित्रात, नाहीतर मीममध्ये. जर्मनमध्ये त्याला ‘पिकेलहाउबे’ म्हणतात. १८४२ साली प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याने ते आपल्या पायदळाला दिलं आणि पुढे ती जर्मन सैन्याची ओळखच झाली. आज ही हेल्मेटं लिलावात विकली जातात. मला त्यांचे फोटो बघत बसायला आवडतं आणि खरं सांगायचं तर एखादं आपल्याकडे असावं असंही वाटतं. वस्तू देखणी आहे, यात वाद नाही.

पण किमती बघता बघता एक गोष्ट खुपायला लागली. अधिकाऱ्याचं हेल्मेट साधारणपणे शिपायाच्या हेल्मेटपेक्षा महाग असतं. शिपायाला ते सरकारकडून मिळायचं. अधिकारी ते स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचा. चामडं उंची, पितळेवर सोनेरी मुलामा, आत रेशमी अस्तर, सुळक्याच्या बुडाशी चांदणीच्या आकाराच्या टिकल्या. जी श्रीमंती बघून शिपायाने टाचा जुळवायच्या, तिलाच आपण आज पैसे मोजतो. कैसर गेला, त्याचं सैन्य गेलं. बाजार मात्र अजून अधिकाऱ्याला सलाम ठोकतोय.

टोपीचा हा महिमा एका माणसाने फार आधी ओळखला होता. विल्हेल्म फोइग्ट, अनेकदा तुरुंगात जाऊन आलेला एक मोची. ऑक्टोबर १९०६ मध्ये त्याने जुन्या कपड्यांच्या दुकानांतून कॅप्टनचा गणवेश आणि टोपी जमवली, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना हुकूम सोडला, त्यांना घेऊन बर्लिनजवळच्या क्योपेनिकमध्ये गेला, तिथल्या महापौराला अटक केली आणि तिजोरीतले साडेतीन हजारांवर मार्क घेऊन पसार झाला. तू कोण, कुठल्या पलटणीचा, हे शिपायांनी विचारलंच नाही. आपल्याकडे फसवण्याला ‘टोपी घालणं’ म्हणतात. या पठ्ठ्याने ती स्वतः घातली आणि अख्ख्या गावालाही घातली! लोक पोट धरून हसले. आठ वर्षांनी खरे हुकूम आले आणि लाखो माणसं निघाली. तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कारण ते चामडं तोफगोळ्याचे तुकडे अडवू शकत नव्हतं. हेल्मेट चमकून शत्रूला दिसू नये म्हणून त्यावर कापडी खोळ चढवावी लागे. चामडं कमी पडलं तेव्हा फेल्टची आणि पत्र्याची हेल्मेटं निघाली. पोलादी हेल्मेट आलं ते थेट १९१६ मध्ये.

आता लिलावातला लाडका शब्द बघा: ‘उत्तम स्थिती’. चामड्याला तडा नाही, मुलामा शाबूत. इतकं शाबूत हेल्मेट खंदकातल्या चिखलात फार दिवस राहिलेलं नसणार. म्हणजे युद्ध जितकं कमी पाहिलेलं, तितका भाव जास्त.

मग संग्राहक वाईट का? तसं मी म्हणणार नाही. त्यांनी जपलं नसतं, तर यातलं बरंचसं भंगारात गेलं असतं. वस्तू निर्जीव आहे, तिचा काय दोष, हेही मला मान्य. पण तिला भाव आपण देतो, आणि भाव देताना कशाला मोठं म्हणायचं हे ठरवत असतो. ती जबाबदारी वस्तूवर ढकलता येत नाही.

घ्यायचंच झालं, तर मी शिपायाचं घेईन. आत पलटणीचा शिक्का असलेलं, भेगाळलेलं. त्यातही कुणाचे तरी वाईट दिवस विकत घेणं आहेच, हे मला दिसतं. पण ते बघून कुणाला ताठ उभं राहावंसं वाटणार नाही. हे कुणाच्या डोक्यावर होतं आणि तो घरी परतला का, असं मात्र कुणीतरी विचारेल.