ब्राउनिंग अडखळतो तेव्हा

7 एप्रिल 1889. लंडनमध्ये चित्रकार रुडॉल्फ लेमान यांच्या घरी मेजवानी होती, आणि एडिसनचे प्रतिनिधी कर्नल गुरो यांनी पाहुण्यांपुढे फोनोग्राफ मांडला होता. 76 वर्षांच्या रॉबर्ट ब्राउनिंगला गळ घातली गेली. त्याने निवडली 1845 साली छापलेली, घेंटहून एक्सला बातमी घेऊन दौडणाऱ्या तीन स्वारांची कविता. घोडे भरधाव सुटले, काही ओळी झाल्या आणि कवीच अडला. पुढचं आठवेना. आपलीच कविता विसरल्याबद्दल त्याने दिलगिरी व्यक्त केली, हे अजब यंत्र मात्र आपण कधी विसरणार नाही असं सांगितलं, आणि मंडळींनी जयघोष केला. सगळं मेणावर उमटलं. त्याच डिसेंबरात तो व्हेनिसला वारला. पहिल्या पुण्यतिथीला लंडनमध्ये काही जणांनी तो आवाज पुन्हा ऐकला.

मला त्या कवितेपेक्षा ते विसरणं मोलाचं वाटतं. कविता काय, कुठल्याही ग्रंथालयात मिळेल, एकही ओळ न गळता. तो ओशाळलेला म्हातारा दुसरीकडे कुठे भेटणार?

आपण मात्र अशा ध्वनिमुद्रणांकडे भलतंच मागायला जातो. लेखकाने स्वतः वाचलं म्हणजे खरा अर्थ कळला, असं धरून चालतो. टेनिसनने 1890 मध्ये ‘लाइट ब्रिगेड’ म्हटली ती जवळजवळ आळवून. आजच्या इंग्रजी कानांना ते नाटकी वाटतं. (यशवंत-गिरीशांच्या काव्यगायनाच्या आठवणी ऐकलेल्या मराठी वाचकाला तितकं वाटू नये.) त्यातून कवितेचा अर्थ काही वाढत नाही. कळतं ते एवढंच, की त्या काळी कविता अशीही म्हणत. व्हर्जिनिया वुल्फचं 1937 मधलं बीबीसीवरचं भाषण ऐकताना तर आधी कानावर येतो तो तिचा उच्चभ्रू उच्चार. पुस्तकात तो आपण आपल्या सोयीने पुसून टाकलेला असतो.

वॉल्ट व्हिटमनच्या नावावरही एक तुकडा आहे: अमेरिकेवरच्या चार ओळी, जेमतेम 36 सेकंद. मूळ नळकांडं हाती नाही, म्हणून आवाज खरा की बनावट हा वाद मिटत नाही. तो बोलणारा कुठे अडखळत नाही. एवढ्यावरून त्याला खोटा ठरवणं अन्यायाचं होईल, पण माझा कान तिकडे झुकतो खरा. आपलीच कविता विसरणारा कवी उभा करावा, हे कुठल्या तोतयाला सुचलं असतं?