पाहणाऱ्याचा वाटा

दूरचित्रवाणीचा दर्जा घसरला ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की, ती करताना कुणाच्या जिवाला फारसे लागत नाही. रात्री जेवताना ती होते आणि हात धुऊन होताच ‘रिअ‍ॅलिटी शो’ची वेळ झाली म्हणून संच सुरू होतो. तक्रार करणारा आणि पाहणारा बहुधा एकच असतो. म्हणूनच सारा दोष वाहिन्यांच्या पदरात टाकून मोकळे होण्याआधी त्यातील किती पाहणाऱ्याच्या वाट्याला येतो, याचा विचार आम्हांस करावासा वाटतो.

१९९९ साली हॉलंडमध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाले. काही अनोळखी माणसांना एका घरात कोंडायचे, त्यांच्यावर अहोरात्र कॅमेरे रोखायचे आणि एकेकाला बाहेर काढायचे, एवढेच त्याचे कथानक. नाव ऑर्वेलच्या १९४९ च्या कादंबरीतून उचललेले. त्या कादंबरीत पाळतीच्या भयाने माणसे गोठून जातात. येथे पाळतीखाली राहावयास मिळावे म्हणून रांगा लागतात! २००६ मध्ये ‘बिग बॉस’ या नावाने त्याचा हिंदी अवतार आला आणि २०१८ मध्ये मराठी.

वाहिन्यांना हा प्रकार का मानवला, हे उघड आहे. त्याला कथा-पटकथा लागत नाही आणि एका घरात महिनोन्महिने रोजचा भाग निघतो. अमेरिकेत २००७-०८ साली पटकथालेखकांनी संप केला, तेव्हा वाहिन्यांनी ओस पडलेल्या वेळा बऱ्याच अंशी अशाच कार्यक्रमांनी भरून काढल्या. लेखकावाचून अडत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आम्हांला मात्र तेथेच अडते. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागे, पुढे ‘बुनियाद’ आली. दोन्हींमागे मनोहर श्याम जोशी यांची लेखणी होती. १९८८ मध्ये भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी ‘तमस’ केली. तिच्यात फाळणीच्या वेळची हिंसा आणि माणसांची विटंबना उघड्यावर मांडलेली आहे. पण ती का दाखवली, याचे उत्तर द्यावयास एक लेखक आणि एक दिग्दर्शक नावानिशी उभे होते. ज्याची विटंबना दाखवली तो नट चित्रीकरण संपताच तोंडाचा रंग पुसून घरी जात होता. रिअ‍ॅलिटी शोमध्ये अपमान झालेला माणूस घरी जातो तो अपमान सोबत घेऊनच. शिवाय येथे लेखक नसतो, हे तरी कुठे खरे? दिवसभराच्या चित्रीकरणातून तासाभराचे काय ठेवायचे, हे कुणीतरी ठरवतेच. भांडण राहते, समेट कापला जातो. कथा रचली जाते, पण तिची जबाबदारी कुणावरच येत नाही. दर्जा घसरला म्हणतात तो आमच्या मते मुख्यतः येथे घसरला. आरडाओरडा आणि शिवीगाळ हे त्यानंतरचे.

इंग्लंडच्या जेड गुडी हिचे उदाहरण पाहावे. गरिबीत वाढलेली ही मुलगी २००२ मध्ये ‘बिग ब्रदर’मध्ये गेली. तिच्या अज्ञानाला आणि शरीराला देश हसला आणि त्या हसण्यातूनच ती प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये अशाच कार्यक्रमात तिने शिल्पा शेट्टी यांचा अपमान केला आणि तोच देश तिच्यावर उलटला. पुढच्या वर्षी ती भारतात ‘बिग बॉस’मध्ये आली आणि त्या घरात असतानाच तिला कर्करोगाचे निदान कळले. नंतर तिने आपले लग्न आणि अखेरचे दिवसही चित्रीकरणासाठी विकले. दोन लहान मुलांच्या शिक्षणाची सोय करावयाची होती. मृत्यूपूर्वी दोन आठवडे इस्पितळाच्या प्रार्थनालयात तिने मुलांसह स्नानसंस्कार घेतला. २२ मार्च २००९ रोजी ती गेली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

ती आपणहून गेली, तिने पैसे घेतले, मग आपण पाहिले तर काय बिघडले? हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्या आईला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण विकणारीजवळ निदान सांगण्यासारखे कारण होते. घेणाऱ्यांजवळ कोणते होते? तिच्या संमतीने तिच्यापुरता प्रश्न कदाचित सुटेल. दुसऱ्याचे मरण करमणूक म्हणून पाहावेसे का वाटले, हा सुटत नाही. शेजारच्या घरात भांडण लागले तर खिडकी लोटून घेण्याची आपल्याकडे रीत होती. निदान लोटल्यासारखे करण्याची तरी होती.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. रोममध्ये सोबत्यांनी त्याला बळेच योद्ध्यांच्या झुंजी पाहावयास नेले. तो डोळे गच्च मिटून बसला. प्रेक्षकांची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले आणि मग ते त्याला मिटता येईनात. पुढच्या खेपेस तो इतरांना घेऊन गेला. हा अलिपियस दुबळ्या मनाचा नव्हता. पुढे तो बिशप झाला. ऑगस्टीन यांनी झुंजी भरवणाऱ्यांचा हिशेब तेथे मांडलेला नाही. त्यांचे सारे लक्ष त्या दोन डोळ्यांवर आहे.

या प्रकारातले सारेच टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. २००८-०९ मधील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ने नाट्यगीते आणि अभंग अशा घरांत पोहोचवले की, जेथे ते एरवी पोहोचले नसते, आणि त्या लहान मुलांची गाणी ऐकताना आम्हीही तल्लीन झालो होतो. तरीही अशा स्पर्धांतील निकालाची घडी आठवून पाहावी. नाव उच्चारण्यापूर्वी निवेदक थांबतो. कॅमेरा आधी मुलाच्या ओठांवर जातो, मग प्रेक्षकांत बसलेल्या आईच्या डोळ्यांवर. तेवढ्यात जाहिराती लागतात. त्या संपेपर्यंत घरातले कुणीही जागचे उठत नाही.